तिसऱ्या खेपेचा थांबा

९ नोव्हेंबर २००५

सूछिन,

आधी सांगते, कुणी गेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला तेच वाटलं असेल म्हणून. आमचा म्हातारा, तुझे भाऊजी, ठणठणीत आहे, दोन वाट्या भात खातो आणि मीठ कमी म्हणून कुरकुरतो. तुझा पत्ता श्याओबिनने दिला. द्यायला तयार नव्हता. "मावशी, आधी आईला विचारतो," म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या आईला विचारलंस तर ती नाहीच म्हणेल, आणि लहानपणी तुझं नाक मी पुसलंय हे विसरू नकोस. तेव्हा मुलाला रागावू नकोस.

लिहायचं कारण माझे गुडघे.

जूनच्या चिकट पावसापासून उजवा सुजतोय, आता डावाही त्याच्या नादाला लागलाय. जिना चढते कशीबशी, उतरताना मात्र भिंतीला धरून एकेक पायरी, तान्ह्या पोरासारखी. देवळात गुडघे टेकता येत नाहीत. क्वानयिनमातेसमोर मी खांबासारखी उभी असते आणि बाकीच्या बायका माझ्या पायाशी वाकतात, जणू माझीच पूजा चाललीय. लाज वाटते.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण आहे. तिने फोटो उजेडात धरून दाखवला. दोन हाडांमधली गादी झिजली आहे म्हणाली. गोळ्या दिल्या, पण म्हणाली, "आजी, गोळ्यांनी ठणका कमी होईल, गुडघा नाही सावरणार. मांड्या बळकट झाल्या की गुडघ्यावरचा भार त्या उचलतील. तुमच्या घराजवळच्या बागेत सकाळी बायका आठ रेशमी तुकड्यांचा व्यायाम करतात ना? तिथे जा. जमेल तेवढंच वाका, पण रोज जा."

मला हसूच आलं. त्या पोरीला काय माहीत? ज्या बागेत आपली आई पडली, तोच व्यायाम करताना पडली, ज्या बागेत मी पाच वर्षं पाऊल टाकलं नाही, तिथेच मला पाठवतेय. मी म्हटलं, दुसरा काही व्यायाम नाही का? ती म्हणाली, "आहेत की. पण ते तुम्ही एकट्या घरी करणार नाही, हे तुमच्या तोंडावर लिहिलंय."

खरं होतं ते. तरी गेले नसते. पण चिंगमिंगला, थडगी झाडायच्या सणाला, आईपाशी जायचंय, सूछिन. तीन वर्षं गेले नाही. म्हातारा एकटा जातो, झाडून येतो, गवत उपटून येतो. दोनशे बारा पायऱ्या आहेत, तूही मोजल्या असशील. तू गावात होतीस तोवर तू जायचीस हे मला ठाऊक आहे, कारण मी जायची तेव्हा थडगं आधीच झाडलेलं असायचं आणि तुझे तांदळाचे हिरवे गोळे ताटलीत ठेवलेले असायचे. तुझ्या गोळ्यांत पाला नेहमीच जास्त पडतो. आता पाच एप्रिलला मला वर पोचायचं आहे. पाच महिने आहेत.

सोमवारी साडेसहाला गेले. सगळ्यात मागे, कापराच्या झाडाखाली उभी राहिले. हू बाईने बघितलं. ती आणखी जाड झालीय. बागभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघा बघा कोण आलंय! सूर्य आज नदीच्या त्या अंगाने उगवला की काय?" मला वाटलं तू गेल्यावर आता हीच पुढे उभी राहून आकडे मोजत असेल. तिने टेपरेकॉर्डरवरचं भरतकामाचं फडकं काढलं, बटण दाबलं.

आणि तू बोललीस.

"पाय खांद्याएवढे लांब. गुडघे सैल. श्वास आत... दोन्ही हात वर, आभाळ पेला."

मला कुणी सांगितलं नव्हतं. बावीस बाया तुझ्या आवाजावर हात वर करत होत्या आणि मी तशीच उभी. हू बाई मागे वळून ओरडली, "अगं आभाळ पेल! ते पडेल ना खाली!"

पेललं. सगळे आठ तुकडे नाही झाले, पाचवा अर्धा सोडला.

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. वेळ असेल तर लिही. तिकडे बर्फ पडायला लागला असेल.

सूझन

१८ नोव्हेंबर २००५

सूछिन,

माझं पहिलं पत्र पोचलं असेल. हार्बिनला पत्राला सहा दिवस लागतात असं टपालातली मुलगी म्हणाली.

डॉक्टरणीने वही ठेवायला सांगितली आहे, कुठल्या दिवशी किती वेळ उभी राहिले, कुठे दुखलं. तू हसशील. वही म्हटली की मला दोनदा सांगावं लागत नाही. जुन्या कॅलेंडरची पानं मागच्या बाजूने शिवून केलीय. काल लिहिलं: दुसऱ्या तुकड्यात, धनुष्य ताणताना, घोड्यावर बसल्यासारखं वाकायचं ते आठ आकडे टिकले. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ दिला नाही. ते तू टेपवर सांगतेसच. "बोटांपुढे नको, बोटांपुढे नको, तिकडे कुणी दागिने ठेवलेले नाहीत!" बाया अजून त्या वाक्याला हसतात. रोज. तीन वर्षं तोच विनोद आणि रोज हसतात. मीही आता हसते, थोडंसं.

तुझा आवाज टेपवर जरा बारीक येतो. की तेव्हा तुला सर्दी होती?

एक गंमत झाली. हांगचौहून एक जिन बाई मुलीकडे राहायला आली आहे. नीटनेटकी, पांढरे हातमोजे घालते. तीही आपल्यात येते. बुधवारी चौथा तुकडा चालू होता, पाय घट्ट रोवून मान वळवून मागे बघायचं तो. तू म्हणतेस, "डावीकडे, मागे बघा... परत. उजवीकडे, मागे बघा... परत." पहिली खेप झाली, दुसरी झाली. तिसऱ्या खेपेला डावीकडे बघितलं आणि सगळ्या तशाच थांबल्या. जिन बाई मात्र पुढे गेली, उजवीकडे वळली, आणि तिच्यासमोर हू बाईचं तोंड! दोघी एकमेकींकडे बघत उभ्या.

"इथे का थांबायचं?" जिन बाई म्हणाली. "आमच्याकडे नाही थांबत."

"आमच्याकडे थांबतात," हू बाई म्हणाली.

"पण का?"

"सूछिन थांबते म्हणून. ऐकू येत नाही का? तिसऱ्या खेपेला डावीकडे, दोन श्वास. मग परत."

"माझी मान आखडली ना!"

"आखडू दे. ती दोन श्वासांची जागाच औषधी आहे. माझ्या खांद्याचं दुखणं त्यानेच गेलं."

तिसरी एक म्हणाली, तिच्या गुडघ्याला त्यानेच आराम पडला. पूर्वेच्या फाटकाजवळचा गटसुद्धा आपलं बघून आता तिथे थांबतो, असंही कळलं. जिन बाई पुटपुटली की पुस्तकात असं कुठेही नाही. हू बाई म्हणाली, "पुस्तक लिहिणाऱ्याला सूछिन भेटली नसेल."

खरंच, तू का थांबतेस गं तिथे? आईला शिकवायचीस तेव्हा तर नव्हतीस थांबत. तेव्हा मी आईच्या मागे उभी असायची, मला आठवतं.

तुझ्याकडे जाड मोजे आहेत का? माझ्याकडे नवी लोकर पडून आहे, राखाडी.

ताई

२७ नोव्हेंबर २००५

सूछिन,

तू उत्तर लिहिलं नाहीस. मी वाट बघत होते असं नाही. पण आता मला कळलंय, आणि तू विचारायच्या आधी मीच सांगते.

मी सगळ्यात मागे उभी असते, तिथून टेप नीट ऐकू येत नाही. परवा हू बाई नातवाच्या लग्नाला गेली, म्हणून टेप लावायचं काम माझ्याकडे आलं. मी पुढे, टेपच्या अगदी शेजारी. चौथा तुकडा आला. तिसरी खेप, डावीकडे, मागे बघा. तू थांबलीस. आणि त्या थांब्यात मला ऐकू आलं.

कुईं... कुईं-कुईं. कुईं... कुईं-कुईं.

एक लांब, दोन आखूड.

व्यायाम संपल्यावर सगळ्या गेल्या तशी मी टेप मागे घेऊन परत लावली. चार वेळा लावली. झाडणारी बाई बघत होती. ती म्हणाली, "आजी, हे गाणं नाहीये."

माझी भाजीची गाडी, सूछिन. शेजारच्यांनी टाकून दिलेल्या बाबागाडीचं एक चाक आमच्या म्हाताऱ्याने तिला बसवलं, दुसरं मूळचं. तेव्हापासून ती तशीच वाजते. म्हातारा दर महिन्याला तेलाची बुधली घेऊन येतो आणि दर महिन्याला मी म्हणते, आवाज होतोय म्हणून चाक थांबतंय का? ठेव ते तेल. या अख्ख्या शहरात तसं वाजणारी गाडी दुसरी नाही. ऐकून लोक म्हणतात, सूझन बाजारात निघाली.

हू बाई परत आल्यावर तिला विचारलं, टेप कधी भरली. "ती जायच्या दिवशी," म्हणाली. "आम्हीच म्हटलं, तू जातेस तर आवाज तरी ठेवून जा. मग रोजच्यासारखा व्यायाम घेतला आणि मधे टेप चालू ठेवली."

म्हणजे ती तुझी शेवटची सकाळ होती. चौथ्या तुकड्यात डावीकडे वळलं की बाजाराचा रस्ता दिसतो. मी रोज त्याच वेळेला तिथून जायची. आईनंतर दीड वर्ष, रोज. आणि बागेचं कुंपण आलं की मी तोंड त्या बाजूच्या भिंतीकडे फिरवायची. तू बघतेस हे मला माहीत होतं. मुद्दामच फिरवायची. आज लिहिते आहे, तेव्हा लिहूनच टाकते.

त्या दिवशी तू जाणार हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी म्हाताऱ्याने सांगितलं तेव्हा तुमची आगगाडी सुटून गेली होती.

तू थांबलीस. मी बागेच्या फाटकाशी वळेन म्हणून थांबलीस ना? दोन श्वास. आणि चाक पुढे पुढे जात बारीक झालं, मग तू म्हणालीस, "परत." तुला सर्दी नव्हती. आता मला तो शब्द नीट ऐकू येतो.

बावीस बाया तीन वर्षं रोज सकाळी तिथे थांबतात आणि माझी वाट बघतात. आणि त्यांना वाटतं, ते खांद्यासाठी आहे.

मी कुणाला काही सांगितलं नाही.

ताई

३ डिसेंबर २००५

सूछिन,

परवा चांद्र अकराव्या महिन्याचा पहिला दिवस होता. मी देवळात गेले नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा महिन्याच्या पहिल्या दिवशी पहाटेचा धूप चुकवला. बागेत गेले. क्वानयिनमाता हजार हातांची आहे, एक हात मोकळा ठेवून तिने मला तिकडे ढकललं असं समजते.

हू बाई म्हणाली, "आज पहिला दिवस ना? देऊळ नाही?"

मी म्हटलं, "आजच्याच दिवशी आई पडली होती."

मग आम्ही दोघी दगडी बाकावर बसलो. ती माझे गुडघे तळव्यांनी चोळायला लागली, न विचारता, कणीक तिंबावी तशी. म्हणाली, "एक सांगू का? सूछिनने सांगू नका म्हणून शपथ घातली होती. पण ती आता चार हजार ली लांब आहे, आणि माझंही वय झालंय."

"सांग."

"तुझी आई त्या दिवशी शाळेतल्या पोरीसारखी सारखी मागे बघत होती. मी म्हटलं, आजी, मागे बघायचा तुकडा अजून यायचाय, आत्तापासून काय बघताय? तर म्हणाली, सूझन येतेय. धूप लावून येतेच म्हणालीय. मागून धरणार आहे मला."

माझ्या गुडघ्यांवरचे तिचे हात थांबले.

"चौथा तुकडा आला, तेव्हा तिने मान वळवली आणि बरोबर पायही वळवले. तुला यायला रस्ता कुठला, ते बघायला. फरशीवर दव गोठलं होतं. सूछिन पुढून ओरडली, पाय हलवू नका! धावली पण. तेवढ्यात..."

"पुरे," मी म्हटलं.

"आणि तू नंतर सगळ्यांना सांगितलंस, आई मला न सांगताच गेली. आम्ही सूछिनकडे बघितलं. ती मान खाली घालून उभी. नंतर आम्ही तिला म्हटलं, अगं बोल की! तुझ्यावर ढकलतेय ती. तर म्हणाली, ताईला हे कधी कळता कामा नये. कळलं तर ती देवळात पाऊल टाकणार नाही, आणि तिच्याकडे दुसरं आहे काय?"

सूछिन, मी अंत्ययात्रेच्या वेळी जे बोलले ते तुला पाठ असेल. "तुझ्या व्यायामाने आईला मारलं." असं बोलले. पांढरे कपडे घालून, सगळ्या नातेवाइकांसमोर. आणि तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा मला वाटलं, हिच्याकडे उत्तर नाही.

आता मी खरं लिहिते. आईने मला सांगितलं होतं. सदरा घालताना तिचा हात बाहीत अडकला, तो मी सोडवला. म्हटलं, "तू हो पुढे, मी धूप लावून आलेच." देवळात त्या दिवशी पहिला धूप लावायची पाळी माझी लागली. इतकी वर्षं जात होते, कधी पहिला लागला नव्हता. लावला. मग वाटलं, आलेच आहे तर एक माळ जपावी. एक झाली, मग दुसरी घेतली. दुसऱ्या माळेचं कारण काही नव्हतं. तिथे ऊब होती एवढंच.

हे मी क्वानयिनमातेलाही कधी सांगितलं नव्हतं. ती तिथेच होती, तिला माहीत असणार. पण तुला सांगते. तू पाच वर्षं माझं खोटं स्वतःच्या पाठीवर वाहिलंस.

उत्तर लिही म्हणण्याचा हक्क मला नाही.

मोज्यांचा एक जोड बरोबर पाठवते आहे. टाच दुहेरी विणली आहे.

तुझी ताई

१४ फेब्रुवारी २००६

सूछिन,

नवं वर्ष लागलं. तुझं पत्र नाही. श्याओबिन फोनवर म्हणाला, मोजे पोचले. "आई घालते का?" मी विचारलं. तो म्हणाला, "उशीपाशी ठेवलेत." मग दुसरंच काही बोलायला लागला. मुलगा तुझ्यावर गेलाय, सांगायचं ते गिळतो.

आता एक वाईट बातमी. टेप गेली. पाचव्या तुकड्यात, डोकं झुलवताना, यंत्राने फीत खाल्ली. तुझा आवाज आधी जाड झाला, मग रेडा बोलतोय तसा, मग गप्प. हू बाई मटकन बसली आणि रडायला लागली, टेपरेकॉर्डरला थापट्या मारत. आमच्या म्हाताऱ्याने ती फीत घरी आणून पेन्सिलीने गुंडाळायचा खटाटोप केला. दोन जागी तुटली आहे. डब्यात ठेवलीय, आईच्या चष्म्याच्या डब्यात.

मोहल्ल्याच्या कचेरीने नवं यंत्र दिलं, तबकडीचं. त्यात एक पुरुष बोलतो. आवाज गोड, मागे तारांचं वाद्य, सगळं पुस्तकाबरहुकूम. पहिल्या दिवशी चौथा तुकडा आला. पहिली खेप, दुसरी खेप. तिसऱ्या खेपेला डावीकडे, मागे बघा. आणि तो लगेच म्हणाला, "परत."

कुणीही परत आलं नाही.

बावीस बाया बाजाराच्या रस्त्याकडे बघत तशाच उभ्या. दोन श्वास. त्यात जिन बाईसुद्धा, पांढऱ्या हातमोज्यांसकट. मग सगळ्या आपणहून सरळ झाल्या आणि शेवटपर्यंत त्या माणसाच्या एक पाऊल मागेच राहिल्या. शेवटच्या तुकड्यात त्याच्या टाचा टेकून झाल्या तरी आमच्या अजून वरच. हू बाई म्हणाली, "काय घाई लागलीय मेल्याला!" जिन बाई मला म्हणाली, "तुमची खोड लागली मला. आता हांगचौला गेले की तिथल्या बाया माझी चेष्टा करणार."

मी अजून कुणाला सांगितलं नाही की त्या कुणासाठी थांबतात. सांगावं का? तू म्हणशील तसं.

गुडघ्यांचं सांगायचं तर, वहीप्रमाणे नोव्हेंबरात आठ आकडे टिकायची, आता चोवीस टिकते. सूज उतरली आहे. ठणका पावसाळी हवेत येतो, पण येऊन जातो, मुक्काम करत नाही. डॉक्टरीण म्हणाली झीज भरून येत नसते, ती तशीच राहील, पण मांड्या आता कामाला लागल्या आहेत. परवा पौर्णिमेला देवळात गुडघे टेकले. उठताना खांबाला धरावं लागलं, पण टेकले. डोंगरावर साठ पायऱ्यांवर ती मंडपी आहे ना, तिथपर्यंत दोनदा जाऊन आले.

चिंगमिंगला येशील का?

हे विचारायला मी नोव्हेंबरपासून कागद खर्चते आहे. गुडघे हे निमित्त होतं. म्हणजे गुडघे दुखतात, ते खोटं नाही, पण पहिल्या पत्रातही हेच लिहायचं होतं. आईपाशी दोघींनी मिळून जावं. तिथे मी तिला जे सांगायचं ते तुझ्यासमोर सांगेन. तू शेजारी उभी असल्याशिवाय मला ते सांगता येणार नाही.

म्हातारा म्हणतो, वर्ष पालटलं, आता तरी त्या चाकाला तेल घालूया. मी या वेळी हो म्हटलं. तो आवाज आता मला सहन होत नाही. चिंगमिंगच्या आधी घालणार आहे.

तुझी ताई

२८ मार्च २००६

सूछिन,

तुझं कार्ड आलं.

टपालवाल्याने दारातून आवाज दिला तेव्हा मी पाला निवडत होते, हात हिरवे. कार्डावर त्याचे डाग पडलेत. गोठलेल्या नदीचं चित्र आहे, त्यावर माणसं चालताहेत. मागे माझं नाव, पत्ता, आणि एकच ओळ. ना वर काही, ना खाली सही.

"चाकाला तेल घालू नकोस."

मी ती म्हाताऱ्याला वाचून दाखवली. तो गाडी उलटी करून, बुधलीचं टोपण काढून बसला होता. अगदी त्याच वेळी, शपथ सांगते. बोट तसंच हवेत.

"म्हणजे येतेय?" तो म्हणाला.

"तेवढंच लिहिलंय."

"म्हणजे येतेय."

"तुम्हाला काय माहीत?"

"येणार नसती तर हार्बिनला बसून तिला तुझ्या चाकाचं काय?" आणि टोपण लावून बुधली फळीवर ठेवली. मग म्हणाला, "दोघी बहिणी सारख्याच. तीस वर्षं मला तेल घालू देत नाहीत." तीस वर्षं नाहीत, गाडी नऊ वर्षांची आहे. पण मी दुरुस्त केलं नाही.

मी मात्र त्याच्याइतकी खात्री धरत नाही. तू माझी बहीण आहेस, कदाचित एवढंच म्हणायचं असेल की तो आवाज असू दे. तेवढंही मला पुष्कळ आहे. कार्ड क्वानयिनमातेसमोर ठेवलं होतं, मग धुपाने काळं पडेल म्हणून काढून उशीपाशी ठेवलं.

तरी सांगून ठेवते. पाच एप्रिलला बुधवार आहे. त्या दिवशी मी व्यायामाला जाणार नाही. साडेसहाला घरून गाडी घेऊन निघेन. गाडीत झाडू, धूप, आईची आवडती मऊ बिस्किटं आणि हिरवे गोळे. पाला मी या वेळी जास्त घालणार आहे, तुझ्यासारखा. बाजाराच्या रस्त्याने, बागेवरून जाईन. त्यांचा चौथा तुकडा चालू असेल. तिसऱ्या खेपेला त्या डावीकडे बघतील तेव्हा मी फाटकाशी असेन आणि तोंड भिंतीकडे फिरवणार नाही. उभी राहीन. बघू दे त्यांना, कोणासाठी थांबत होत्या ते. तू त्यांच्यात असलीस तर बरंच झालं.

नसलीस तर तिथून डोंगराकडे जाईन. गाडी पायथ्याशी लावेन. दोनशे बारा पायऱ्या मला आता चढता येतात, गेल्या रविवारी एकशे चाळीसपर्यंत जाऊन आले, उतरतानाही भिंत लागली नाही. पण त्या दिवशी एकटी चढणार नाही. उत्तरेकडची आगगाडी कधी कधी उशिरा येते हे मला माहीत आहे. दुपारपर्यंत थांबेन. दुपार झाली तर संध्याकाळपर्यंत.

रस्त्याकडे पाठ करून उभी राहीन. तोंड करून उभी राहिले तर येणाऱ्या प्रत्येक बाईत तू दिसशील, आणि या वयात ते झेपत नाही. मी आपली चौथा तुकडा करत राहीन. पाय घट्ट रोवलेले, हलवायचे नाहीत. नुसती मान. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिसऱ्या खेपेला डावीकडे बघून थांबेन, आणि तशीच थांबून राहीन, मान आखडली तरी.

तू येऊन "परत" म्हणशील, तेव्हाच सरळ करीन.

तुझी ताई